‘हम लोग’ : एका मालिकेचे परीक्षण

7 जुलै 1984 या दिवशी दिल्ली दूरदर्शनवर एका कुटुंबाची कथा सुरू झाली. ते कुटुंब राजघराण्यातील नव्हते, की चित्रपटात दिसणाऱ्या धनिकांपैकीही नव्हते. आजोबा, आजी, त्यांचा मुलगा, सून आणि पाच नातवंडे अशी नऊ माणसे एकाच घरात दाटीवाटीने राहत. पैशाची ओढाताण नित्याची आणि कुरबुरही नित्याचीच. या कथेचे नाव होते ‘हम लोग’. 17 डिसेंबर 1985 पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, ती चालली आणि तिचे दीडशेहून अधिक भाग झाले. दूरदर्शनवरील पहिली दीर्घ हिंदी मालिका म्हणून ती ओळखली जाते. सुमारे 5 कोटी लोक ती पाहत असत, असा त्या काळचा अंदाज आहे.

मालिका पाहून झाल्यावर ‘फार छान होती’ किंवा ‘अगदी कंटाळवाणी होती’ असे आपण सहज बोलून जातो. ती आपली आवडनिवड झाली. ते परीक्षण नव्हे. सोनार दागिना हाती घेतो, तेव्हा त्याच्या झळाळीवरून तो किंमत करीत नाही. तो कसोटीच्या दगडावर त्याची रेघ ओढतो आणि ती रेघ निरखून पाहतो. मालिकेचे परीक्षणही असेच करावे लागते. कथा कशी गुंफली आहे, तिच्यातील माणसे जिवंत वाटतात काय, आणि पाहणाऱ्याच्या मनावर तिचा कोणता ठसा उमटतो, हे निरखावे लागते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. लेखकाला जो ठसा उमटवायचा असतो तोच उमटतो असे नाही. ‘हम लोग’ या मालिकेत तर भलताच ठसा उमटला. आणि म्हणूनच ती परीक्षणासाठी घेण्याजोगी आहे.

ही मालिका केवळ करमणुकीसाठी निर्माण झालेली नव्हती. तिचे मूळ दूर मेक्सिको देशात आहे. तेथे मिगेल साबिदो नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता. लोकांना उपदेशाची व्याख्याने देण्यापेक्षा, रोज पाहता येईल अशी एक गोड कथा सांगावी आणि तिच्या पोटातून हिताचा विचार पोहोचवावा, अशी त्याची कल्पना होती. 1975–76 मध्ये त्याने प्रौढ साक्षरतेवर एक मालिका काढली. तिच्या एका भागात, साक्षरतेच्या पुस्तिका कोठे मिळतात, एवढेच सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी मेक्सिको शहरातील त्या जागी सुमारे 25,000 लोक लोटले आणि रस्त्यावरील वाहतूक अडून पडली. कडू औषध मधातून द्यावे, तसा हा प्रकार होता. आपल्या देशातील माहिती व प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल हे मेक्सिकोला जाऊन आले आणि असाच प्रयोग हिंदीत करावा असे ठरले. कुटुंब लहान असावे, मुलीला मुलाइतकाच मान मिळावा, व्यसनाने घराचा नाश होतो, हे विचार कथेतून रुजवायचे होते. लेखनाचे काम मनोहर श्याम जोशी या नामवंत हिंदी कादंबरीकाराकडे आले आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे.

आता कथानक पाहू. नाटक दोनतीन तासांत संपते. कादंबरीची किती पाने उरली हे वाचकाला बोटांनी चाचपता येते. मालिकेचे तसे नसते. ती आपल्याकडील पुराणिकबुवांच्या पुराणासारखी असते. चातुर्मासात देवळात पुराण सांगणारे बुवा कथा नेमक्या अशा ठिकाणी थांबवीत की श्रोत्याला दुसऱ्या दिवशी आल्यावाचून चैन पडत नसे. म्हणून मालिकेच्या कथानकात एकच सरळ धागा पुरत नाही. अनेक धागे एकात एक गुंतवावे लागतात. ‘हम लोग’मध्ये घरातील प्रत्येक माणसाचा एकेक धागा आहे. वडील बसेसर राम हे दारूच्या आहारी गेलेले. आई भागवंती राबणारी आणि सोसणारी. थोरला मुलगा लल्लू पदवी घेऊनही बेकार. धाकटा नन्हे क्रिकेटच्या स्वप्नात रमलेला. तीन मुलींना घरात बडकी, मझली व छुटकी म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत थोरली, मधली व धाकटी. थोरली समाजकार्यात पडलेली. मधलीला चित्रपटतारका व्हायचे आहे. धाकटीला डॉक्टर व्हायचे आहे. एकाचे सुख दुसऱ्याचे दुःख होते, एकाच्या धाग्याला ताण बसला की दुसऱ्याला गाठ पडते, आणि कथा पुढे सरकते.

परंतु आरंभी ती फारशी सरकत नव्हती. पहिले तेरा भाग लोकांना रुचले नाहीत. कुटुंबनियोजनाचा उपदेश त्यांत इतका उघडउघड केला होता की पात्रे बोलत नसून जणू सरकारी पत्रकच बोलत आहे, असे लोकांना वाटे. मध थोडा आणि औषध फार, अशी स्थिती झाली. तेव्हा लेखकाने कथेचा रोख बदलला. उपदेश मागे घेतला, घरातील प्रसंग पुढे आणले, आणि मुख्य भर कुटुंबातील नात्यांवर व स्त्रियांच्या स्थितीवर दिला. यानंतर मात्र लोक कथेत असे गुंतले की काही विचारू नये. रात्री मालिकेची वेळ झाली की ज्याच्या घरी दूरदर्शन संच असेल त्याच्याकडे शेजारीपाजारी जमत. त्या काळी संच घरोघरी नव्हते. रंगीत प्रक्षेपण देशात सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती आणि पाहण्यासारखी वाहिनी एकच.

कथेच्या या बदलातून परीक्षकाला एक गोष्ट टिपून ठेवता येते. जो विचार पात्राच्या तोंडी घातला जातो तो पुष्कळदा वायफळ जातो. जो प्रसंगातून आपोआप निघतो तो मनात राहतो. दारू वाईट, असे पात्राने दहा वेळा म्हटले तरी ते ऐकणारा जांभई देतो. पण बापाची चाहूल लागताच हसतीखेळती मुले गप्प होतात, हे एकदा दिसले की पुरे; तेथे वेगळा उपदेश लागत नाही.

कथानकापेक्षा या मालिकेचे बळ पात्रांत आहे. साबिदोच्या पद्धतीत पात्रांचे तीन वर्ग असत. काही पात्रे चांगल्या विचाराची बाजू घेणारी. काही त्याच्या विरुद्ध वागणारी. आणि काही दोहोंच्या मध्ये उभी असलेली, आज इकडे झुकणारी तर उद्या तिकडे. खरी शिकवण या तिसऱ्या वर्गाकडून व्हावयाची असते. ती चुकतात, त्याचे फळ भोगतात आणि बदलतात. पाहणाराही बहुधा त्यांच्यासारखाच मध्ये उभा असतो. म्हणून त्यांच्या पाठोपाठ तोही बदलेल, असा हिशेब असतो. हिशेब सुबक आहे. पण माणसे हिशेबाच्या वहीत मावत नाहीत, आणि जोशींसारख्या कसलेल्या लेखकाची पात्रेही त्या तीन कप्प्यांत राहिली नाहीत. हे त्यांचे यशच म्हटले पाहिजे. मात्र पुढे पाहू त्याप्रमाणे त्याचा एक परिणाम अनपेक्षित झाला.

बडकी ही चांगल्या बाजूची मुख्य प्रतिनिधी. तिचे नाव गुणवंती आणि ती नावाप्रमाणेच गुणी. सीमा भार्गव या तरुण अभिनेत्रीने ती समजूतदारपणे उभी केली. तिचे लग्न डॉक्टर अश्विनीशी ठरले तेव्हा लोकांना आपल्याच घरी कार्य निघाल्यासारखे वाटले. शुभेच्छांची पत्रे आणि तारा आल्या. तरीही परीक्षकाने मोकळेपणाने सांगितले पाहिजे की गुणी पात्र रंगवणे हे लेखकाला नेहमीच जड जाते, आणि बडकीच्या बाबतीत ते कोठेकोठे जाणवते. ती चुकत नाही, म्हणून तिच्याविषयी आदर वाटतो. काळजी मात्र मझलीची वाटते. रूपवती मझली हट्टी आहे, आरशापुढून हलत नाही. तारका होण्याच्या वेडाने ती मुंबईला जाते आणि तेथे गोड बोलणाऱ्या माणसांकडून फसवली जाते. तिने जाऊ नये असे पाहणाऱ्याला कळत असते, आणि ती जाणार हेही कळत असते. कथेची पकड ती हीच. मझलीचे काम दिव्या सेठ यांनी केले. आजीचे काम करणाऱ्या सुषमा सेठ या त्यांच्या प्रत्यक्षातील आई, हा योग मौजेचा आहे.

या आजीचे, म्हणजे दादीचे, पात्र सर्वांत रंगतदार. ती प्रेमळ आहे तशी खाष्टही आहे. नातवंडांवर जीव टाकते आणि सुनेला टोचून बोलते. तिच्या तोंडी जी घरगुती, ठसकेबाज बोली आहे, तिने लोक लुब्ध झाले. दादीला घशाचा कर्करोग होतो आणि त्यात तिचा अंत होतो, असा कथाभाग योजलेला होता. पण ती जाणार असे दिसताच पत्रांचा पाऊस पडला : दादीला मारू नका! तेव्हा तिचे आयुष्य कथेत लांबविण्यात आले. कुठल्याही वैद्याला जे साधले नसते ते टपालखात्याने साधले. हे चांगले की वाईट, याविषयी मतभेद होतील. लेखकाने लोकांच्या इच्छेप्रमाणे कथा वाकविली तर कथेची शिस्त बिघडते, हे खरे. उलट असेही म्हणता येईल की कथेतील एक म्हातारी जगावी म्हणून अनोळखी माणसे लेखणी हाती घेतात, यापेक्षा लेखकाला अधिक मोठे प्रमाणपत्र कोणते?

दादा मात्र सरळमार्गी. सैन्यात नोकरी केलेले, जुन्या शिस्तीचे, मितभाषी. त्यांचा मुलगा असा कसा निपजला, हा प्रश्न त्यांच्या मौनातूनही ऐकू येतो. बसेसर रामचे काम विनोद नागपाल यांनी केले. त्यांनी त्याला निव्वळ दुष्ट होऊ दिले नाही, हे त्यांच्या अभिनयाचे मर्म. तो दुबळा माणूस आहे. दुबळेपणाचा राग तो घरातील सर्वांत दुबळ्या माणसावर काढतो.

ते माणूस म्हणजे भागवंती.

या परीक्षणात भागवंतीला अधिक जागा द्यावी लागेल. मालिकेत तिचा वाटा तसा गाजावाजाचा नाही. सर्वांच्या मागे ती उभी असते. पहाटे सर्वांच्या आधी उठावे आणि रात्री सर्वांच्या नंतर आडवे व्हावे, असा तिचा दिवस. नवरा बोलतो, सासू बोलते. ती उलट उत्तर देत नाही. हे पात्र लेखकाने का निर्माण केले? तिच्याकडे पाहून लोकांनी म्हणावे, ‘असे सोसणे बरे नव्हे, बाईने मान खाली घालून जन्म काढला तर घर सुधारत नाही, बिघडते.’ थोडक्यात, भागवंती हा धोक्याचा कंदील होता. तिच्या उलट तिच्या मुलींनी शिकावे, कमवावे, स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेत, अशी मांडणी होती.

आणि झाले काय? मालिका संपल्यानंतर काही अभ्यासकांनी दिल्ली, पुणे आणि मद्रास येथील प्रेक्षकांची पाहणी केली. कोणते पात्र अनुकरण करण्याजोगे वाटले, असे विचारले. पुष्कळांनी भागवंतीचे नाव घेतले! त्यांना ती सोशिक, त्यागी, घर सांभाळणारी आदर्श माता वाटली. ज्या कंदिलाने वाट अडवायची होती, त्याच्याच उजेडात लोक चालू लागले. स्त्रीला समान मान मिळावा हा विचार मालिका पाहणाऱ्यांच्या मनात अपेक्षेइतका रुजल्याचे त्या पाहणीत दिसले नाही.

असे का व्हावे? प्रेक्षक मूढ होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते उत्तर परीक्षकाला शोभत नाही. कारण मालिकेतच शोधले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की जयश्री अरोरा यांनी भागवंती इतक्या खरेपणाने साकारली की पाहणाऱ्याला तिच्यात आपली आई, मावशी, आत्या दिसली. आपल्या आईकडे कोणी ‘चुकीचे उदाहरण’ म्हणून पाहत नसतो. तिचे कष्ट दिसले की मन भरून येते. आणि भरून आलेल्या मनाला चूक दिसत नाही, थोरवी दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भागवंतीला दुसरी वाट कोणती होती, हे कथेने ठळकपणे दाखवले नाही. नवऱ्याला ठामपणे ‘नाही’ म्हटले असते तर काय झाले असते? स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवले असते तर? मुलींच्या वाट्याला असे प्रसंग आले. आईच्या वाट्याला बहुधा सोसणेच आले. ज्या पात्राला निवड करण्याची संधीच मिळत नाही, त्याने चुकीची निवड केली असे प्रेक्षकाला कसे वाटावे? शिवाय सोसणाऱ्या स्त्रीला देवत्व देण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. ओव्या, कहाण्या आणि चित्रपट यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. एवढ्या जुन्या सवयीपुढे काही मिनिटांच्या भागाचा सूर दबून गेला तर नवल नाही.

म्हणून भागवंतीविषयीचा निर्णय असा द्यावा लागतो : पात्र म्हणून ती मालिकेतील एक उत्तम निर्मिती आहे, आणि उपदेश म्हणून ती फसलेली आहे. हे दोन्ही निर्णय एकाच वेळी खरे असू शकतात. नुसती स्तुती किंवा नुसती निंदा करणाऱ्याला हे साधत नाही.

ही उणीव मालिकाकारांच्या लक्षात आली नव्हती काय? तिच्यावरचा एक उपाय त्यांनी योजलेला होता. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ चित्रपट अभिनेते अशोक कुमार पडद्यावर येत. संस्कृत नाटकात सूत्रधार आरंभी येतो. हा सूत्रधार शेवटी येई. जे घडले त्यावर तो अर्ध्याएक मिनिटात, हसतखेळत, दोन शब्द बोले. कोणाचे कोठे चुकले हे विचारी, पण न्यायाधीशाच्या थाटात नव्हे. वयाची सत्तरी ओलांडलेल्या, लोकांच्या लाडक्या ‘दादामुनीं’नी हे काम इतक्या आपुलकीने केले की पुष्कळ घरांतून कथेइतकीच त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली जाई. मालिकेच्या काळात सुमारे 4 लाख पत्रे आली असे सांगतात. त्यांतील कित्येक थेट अशोक कुमार यांनाच लिहिलेली. ‘आमच्या पसंतीच्या मुलाशी लग्न करू द्या असे आमच्या आईवडिलांना तुम्ही समजावून सांगा’, अशा विनवण्याही त्यांत असत. पडद्यावरील माणसाला घरातला वडीलधारा मानण्याचा हा प्रकार मोठा विलक्षण.

तरी या उपसंहाराविषयी थोडा आक्षेप घेता येतो. चांगली कथा स्वतःच बोलते. तिच्या शेवटी अर्थ सांगायला माणूस उभा करावा लागला, तर कथेवर तिच्या कर्त्याचाच पुरता विश्वास नाही असे होते. यावर दुसरी बाजू अशी की पाहणाऱ्यांत नाटक-सिनेमाचा सराव नसलेले, प्रथमच अशी कथा पाहणारे लोकही होते; त्यांच्यासाठी घरात चर्चेला तोंड फुटावे म्हणून कोणी एक प्रश्न टाकून जाणे उपयोगाचे होते. यांपैकी दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. मात्र भागवंतीच्या बाबतीत या उपायाचाही पुरता गुण आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेल्या दुःखाचा जोर कानांनी ऐकलेल्या टिप्पणीपेक्षा मोठा ठरला.

उपदेशाचे सारेच यत्न मात्र वाया गेले नाहीत. मालिकेत समदर नावाच्या एका पोलीस निरीक्षकाची दृष्टी जाते, असा भाग आहे. त्याच्या निमित्ताने नेत्रदानाचा विषय निघाला, आणि तो लोकांनी उचलून धरला. उज्जैनच्या एका युवक मंडळाने तर गावात फिरून नेत्रदानाची संमतिपत्रे भरून घेतली. येथे कथेने काय केले ते पाहावे. दुःख दाखवले, आणि त्याबरोबर उपायही दाखवला. तोही कोणालाही करता येण्याजोगा. भागवंतीच्या कथेत नेमका हाच दुवा कच्चा राहिला होता.

आता, ही मालिका लोकांना एवढी का आवडली? तिचे बाह्य रूप तर साधे होते. देखावे मोजके, प्रकाशयोजना बेताची. नट बहुतेक दिल्लीच्या रंगभूमीवरील होते आणि सामान्य प्रेक्षकाला ते अपरिचित होते. पण हीच तिची शक्ती ठरली. ओळखीचा नट दिसला की आपण नटाला पाहतो. अनोळखी दिसला की पात्राला पाहतो. भिंतीचा उडालेला रंग, महिनाअखेरची चणचण, नोकरीच्या अर्जाला न आलेले उत्तर, मुलीच्या लग्नाची काळजी, हे सारे प्रेक्षकाच्या घरात होतेच. मालिकेच्या नावाकडे या दृष्टीने पाहावे. हिंदीतील ‘हम’ या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘हम लोग’ या नावाचा अर्थ ‘आम्ही माणसे’ असाही होईल आणि ‘आपण माणसे’ असाही. उत्तर भारतातील प्रेक्षकांनी, आणि महाराष्ट्रातीलही पुष्कळांनी, तो ‘आपण’ असा घेतला. दक्षिणेत हिंदीचा परिचय कमी. तेथे मालिकेला तेवढा प्रेक्षक लाभला नाही आणि बहुतेकांच्या लेखी ते कुटुंब ‘ते लोक’ असेच राहिले. भाषेच्या उंबरठ्यावर किती गोष्टी अडतात याचे हे चांगले उदाहरण आहे.

लोकप्रियतेचा एक परिणाम बाजारावरही झाला. मालिकेचा प्रायोजक एक खाद्यपदार्थांचा कारखानदार होता आणि त्याच्या ‘मॅगी’ नावाच्या शेवया त्या वेळी बाजारात नव्या होत्या. मालिकेबरोबर त्यांचे नाव घरोघरी गेले. ते पाहून इतर कारखानदार पैशाच्या थैल्या घेऊन पुढे आले आणि मालिकांचा ओघ सुरू झाला. साक्षरता व समता यांसाठी काढलेल्या वाटेवरून पुढे साबण आणि शेवयाच अधिक धावल्या, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. मनोहर श्याम जोशी यांनी मात्र 1986 मध्ये ‘बुनियाद’ ही फाळणीच्या काळातील कुटुंबाची मालिका लिहिली आणि मोठ्या पटावरही आपली लेखणी तितकीच समर्थ आहे हे दाखवून दिले.

‘हम लोग’चे किंवा दुसऱ्या कोणत्याही मालिकेचे परीक्षण लिहायला बसावे, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातून एक चूक हमखास होते. ते सारी गोष्टच लिहून काढतात. दीडशे भागांची गोष्ट लिहिता लिहिता वही संपते आणि परीक्षण राहून जाते. गोष्ट चार-पाच वाक्यांत सांगावी आणि एखादा नेमका प्रसंग निवडून त्याच्यापाशी थांबावे. समजा, एका मालिकेत सारे कुटुंब जेवायला बसले आहे. कोण बोलतो, कोण ऐकतो, मध्येच पाणी हवे असले की कोण उठतो, ताट शेवटी कोणाचे वाढले जाते, हे पाहावे. त्या दृश्यात एक अक्षरही न बोललेल्या माणसाविषयी मालिकेला काय वाटते, हे पाहावे; आणि आपल्याला काय वाटले, ते त्याच्या शेजारी लिहावे. दोन्ही सारखे आले नाही तर घाबरून खोडू नये. परीक्षण तेथूनच सुरू होते.

स्वाध्याय

1. आवडनिवड सांगणे आणि परीक्षण करणे यांत कोणता फरक आहे, ते पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.

2. पहिले तेरा भाग लोकांना का रुचले नाहीत? लेखकाने त्यावर काय केले?

3. ‘पात्र म्हणून उत्तम, पण उपदेश म्हणून फसलेली’ असे भागवंतीविषयी का म्हटले आहे? तुम्हांला हे मत पटते काय? कारणे द्या.

4. प्रेक्षकांच्या पत्रांमुळे दादीचे आयुष्य लांबले. लेखकाने असे करावे की करू नये, यावर वर्गात वाद घाला.

5. ‘आम्ही उद्या किल्ल्यावर जाणार आहोत’ आणि ‘आपण उद्या किल्ल्यावर जाणार आहोत’ या वाक्यांतील अर्थभेद सांगा. अशी आणखी दोन वाक्ये तयार करा.

6. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या मालिकेतील जेवणाचा एक प्रसंग निवडा आणि त्यावर पंधरा ओळी लिहा. गोष्ट सांगण्यात तीनपेक्षा अधिक ओळी खर्च करू नका.